मिरजेत सतार झाली, कात्री का झाली नाही?

मिरजेत सतारी का बनतात आणि ऑपरेशनच्या कात्र्या का बनत नाहीत, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. वरवर चमत्कारिक वाटेल. पण ‘सातारा-सांगलीत मेडिकल उपकरणांचे उद्योग वाढले पाहिजेत’ असं सध्या जो तो बोलतोय. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच. आणि ते बोलणं शेवटी दोनच गोष्टींवर येऊन थांबतं, जागा द्या आणि सबसिडी द्या. म्हटलं, जरा मागे जाऊन बघू. आपल्या भागानं पूर्वी कारखाने उभे केले ते कशाच्या जोरावर? आणि दवाखान्यांचं एवढं मोठं गाव उशाशी असताना दवाखान्याला लागणारी हत्यारं आपण का नाही घडवली? पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

सातारा आणि सांगली मी एकत्र धरतोय त्याला कारण आहे. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी हा सगळा मुलूख म्हणजे संस्थानांची गोधडी होती. औंध, सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, जत, फलटण, आणि मधेमधे इंग्रजांचा सातारा. ही गोधडी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी सतार. १८१८ ला पेशवाई बुडाली, पलटणी मोडल्या आणि तलवार-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा बसला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. दरबारात गवई यायचे, वाद्यं यायची आणि ती मोडायचीसुद्धा. दुरुस्त करायची तर पार उत्तरेकडे पाठवायला लागायची. १८५० च्या सुमाराला फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं हे काम अंगावर घेतलं असं मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आधी दुरुस्ती, मग नवा तंबोरा, मग सतार. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं यायला लागले. घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. आज देशभरातले गायक मिरजेचा तंबोरा मांडीवर घेतात आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या गोष्टीत कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. लोखंडाला धार लावणारा माणूस लाकडाचं आणि तारेचं इतकं नाजूक काम शिकला कसा? एक तर सुरुवात दुरुस्तीपासून झाली. दुसऱ्याची उत्तम वस्तू उघडून बघायला मिळाली. आणि गिऱ्हाईक दारातच होतं, तेही जाणकार. गवई तंबोरा जुळवून बघणार, जवारी नीट लागली नाही की तिथल्या तिथे परत देणार. कारागिराला असं रोजचं नापास होणं परवडलं, कारण वर संस्थानिकाचा हात होता. उद्योगाला पाठबळ म्हणतात ते हेच. पटवर्धनांनी शिकलगारांना एमआयडीसीत प्लॉट दिला नव्हता.

आता तारखा बघा. ही विद्या मिरजेत रुजली आणि चाळीसेक वर्षांनी त्याच गावात डॉक्टर विल्यम वानलेस आले. मूळचे कॅनडाचे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. १८८९ ला भारतात, १८९२ ला मिरजेत. संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स नावाच्या उद्योगपतीनं पैसा दिला आणि १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं. १८९७ ला मेडिकल स्कूल. रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे कर्नाटकातून, कोकणातून, निजामाच्या मुलखातून पेशंट यायचे. मोतीबिंदू आणि पोटाच्या ऑपरेशनसाठी मिरज हे नाव झालं. क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी झाली. १९२८ ला डॉक्टरांना ‘सर’ किताब मिळाला, १९३३ ला ते गेले. त्या हॉस्पिटलची आज काय अवस्था आहे ते मिरजकरांना मी सांगायला नको. पण मिरज ‘आरोग्य पंढरी’ झाली ती तिथून.

म्हणजे बघा, एका गावात शिकलगार आहेत आणि अमेरिकन मिशनचं हॉस्पिटलही आहे. कात्री, चिमटा, सुरी, सुई या सगळ्यांना धार लागते आणि सगळी हत्यारं मोडतात, बोथट होतात. तरीही मिरजेत शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा उद्योग उभा राहिला नाही. का?

‘नाही झालं, त्यात काय’ असं कुणी म्हणेल. पण अगदी हेच साहित्य दुसऱ्या एका गावात एकत्र आलं आणि तिथं झालं. ते गाव म्हणजे सियालकोट. (पाकिस्तानातलं उदाहरण दिलं म्हणून काहीजण रागावतील. तेव्हा पाकिस्तान नव्हता, आपलाच पंजाब होता.) सियालकोटच्या आसपास तलवारी आणि खंजीर घडवणाऱ्या लोहारांची वस्ती होती. कोटली लोहारां नावाचं गाव तर पोलादावर सोन्याचांदीच्या नक्षीसाठी नावाजलेलं. तिथंही इंग्रज आल्यावर तलवारींचा धंदा बसला आणि तिथंही अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथल्या डॉक्टरांनी बोथट झालेली, तुटलेली हत्यारं विलायतेला परत पाठवण्याऐवजी गावातल्या लोहारांकडे दुरुस्तीला दिली. लोहारांनी दुरुस्त केली, मग नमुना बघून नवीन केली. डॉक्टर वापरून बघायचे आणि सांगायचे, इथं चावते, इथं सैल आहे. पहिल्या महायुद्धानंतर सियालकोटचा माल बाहेर जायला लागला. दुसऱ्या महायुद्धात विलायतेचा माल येणं अवघड झालं तेव्हा सैन्याला लागणारी हत्यारं तिथून गेली.

त्याच युद्धाच्या काळात सरकारनं तिथं धातू तपासण्याचं, कारागिरांना उष्णता-संस्कार वगैरे शिकवण्याचं एक केंद्र काढलं. त्याचं नाव मेटल इंडस्ट्रीज डेव्हलपमेंट सेंटर. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा, एमआयडीसीच होतात! फक्त त्यांची एमआयडीसी पोलाद तपासायची आणि आपली प्लॉट वाटते.

पोलाद तपासणं एवढं महत्त्वाचं का, ते थोडं सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. ऑपरेशनच्या कात्रीला धार टिकायला हवी म्हणजे पोलाद कडक हवं. पण तीच कात्री रोज वाफेच्या भांड्यात निर्जंतुक होणार, रक्त लागणार, तरी गंज चढता कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत. पोलाद जितकं कडक करायला जावं तितकं न गंजण्याचं सांभाळणं अवघड. म्हणून मिश्रण कुठलं, भट्टीत किती तापवलं, कशात विझवलं, शेवटी आम्लात धुतलं का, याला महत्त्व. हे डोळ्यांना दिसत नाही. नवी कात्री सगळ्यांचीच चकाकते. तीन महिन्यांनी कळतं कोणाची खरी. नांगराचा फाळ वाकला तर शेतकरी शिव्या देईल आणि दुसरा बसवेल. पोटात टाका घालताना चिमटा घसरला तर दुसरी संधी नसते.

सियालकोटची गोष्ट अजून संपत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं दर्जाच्या कारणावरून त्यांचा माल अडवला. अख्ख्या गावाची चूल त्यावर. तेव्हा तिथल्या कारखानदारांच्या संघटनेनं आणि सरकारनं मिळून बाहेरून तज्ज्ञ आणले, उत्पादनाच्या चांगल्या पद्धती शिकवल्या आणि छोट्या छोट्या वर्कशॉपनी प्रमाणपत्रं मिळवली. एकेकट्या वर्कशॉपला ते झेपलं नसतं. जर्मनीत टुटलिंगन म्हणून असंच एक छोटं गाव आहे. १८६७ साली गॉटफ्रीड येटर नावाच्या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरानं तिथं शस्त्रक्रियेच्या हत्यारांचं वर्कशॉप टाकलं. आज त्या गावात या धंद्यातल्या शेकडो कंपन्या आहेत. तिथंही मूळ धंदा सुऱ्यांचाच.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे उद्योगाची दृष्टीच नव्हती. साफ खोटं. पुणे-मिरज रेल्वेलाईन डोळ्यांपुढे आणा. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना, १९२२ चा. लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि पुढे डिझेल इंजिनं. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, हे आता साताऱ्यातही फार जणांना आठवत नाही.) पुढे कराड स्टेशन, तिथं ओगलेवाडी, १९१६ चा काच कारखाना, घराघरातला प्रभाकर कंदील. पुढे कुंडल रोड, म्हणजे आताची किर्लोस्करवाडी, १९१०. आणि शेवटी मिरज, मिशन हॉस्पिटल. लोखंड, काच, यंत्र आणि दवाखाना एकाच रुळावर, एका दिवसात जाऊन-येऊन होईल एवढ्या अंतरात. अशी लाईन हिंदुस्थानात कितीशी असेल?

यातल्या दोन ठिकाणांमागे एकच माणूस होता, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. बहात्तर गावांचं त्यांचं संस्थान. मोठ्या संस्थानिकांच्या मोटारींच्या ताफ्यात जेवढा पैसा असेल तेवढं यांचं उत्पन्न नसेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला नांगर बनवत होते. तिथल्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. तेव्हा पंतांनी कुंडल रोडजवळचा बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. आज आपण ज्याला ‘जागा आणि सबसिडी’ म्हणतो तेच हे, असं वाटेल. पण लक्ष्मणरावांची आधीची गोष्ट आठवा. लोखंडी नांगर तयार झाला तरी सुरुवातीची दोन वर्षं तो कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत. नांगर गंजत पडले होते. अशा माणसाला पैसे देणं म्हणजे आजच्या बँकेच्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हीच सांगा. पंतांनी माल बघितला, माणूस बघितला आणि वेळ दिला. वसुलीची घाई केली नाही. मला तरी त्या दहा हजारांपेक्षा हा वेळ मोठा वाटतो.

ओगले बंधूंनाही पंतांचाच आश्रय. काचेचा धंदा तर आणखी बेभरवशाचा. भट्टी फुटते, माल तडकतो, विलायतेची काच स्वस्तात येते. त्याच काळात तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी पाठिंबा दिला आणि १९०८ ला कारखाना उभा राहिला. तो फक्त कारखाना नव्हता, काच कशी करतात ते शिकवणारी शाळा होती. लोकांच्या पैशातून शिकण्याची आणि चुका करण्याची जागा. आज त्याला ‘सामायिक सुविधा केंद्र’ म्हणतात, आणि त्याचं उद्घाटन असतं.

मग इतकं सगळं असून लोखंड आणि दवाखाना यांची गाठ का पडली नाही? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. कारागिराच्या पाठीशी उभा राहणारा राजा औंधचा, आणि दवाखान्याला जागा देणारा राजा मिरजेचा. सरहद्दी वेगळ्या, कारभार वेगळे. दवाखान्याचा पैसा अमेरिकेतून यायचा आणि त्या काळी शस्त्रक्रियेची हत्यारं, सूक्ष्मदर्शक, क्ष-किरणाचं यंत्र हे तर हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी परदेशातूनच यायचं. हाताशी मिळत असेल तर गावात शोधायचं कशाला? आणि आमच्या कारखानदारांपुढे शेतकरी हे एवढं मोठं गिऱ्हाईक होतं की दवाखान्यातल्या पन्नास कात्र्यांकडे कोण बघणार. नांगर, चरक, पंप, इंजिन यातच आपली तीन पिढ्यांची बुद्धी खर्च झाली. त्यात वाईट काही नाही, त्यावर आपण जगलो. पण सियालकोटला एका डॉक्टरनं तुटकी हत्यारं लोहाराच्या दारात नेली, ती चार पावलं आपल्याकडे उद्योग उभा राहील इतकी कुणी चालली नाहीत.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. किर्लोस्करांचे नवे कारखाने तर स्वातंत्र्याच्या आधीपासूनच हरिहर, बंगळूर, पुण्याला जायला लागले होते. १९४७ ला धोंडूमामा साठ्यांनी सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, ते आजचं वालचंद. १९६० ला कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, १९६२ ला मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज. पुढे कराडचं कृष्णा. साताऱ्यातही आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. १९६२ लाच एमआयडीसी आली आणि प्लॉट पडले. म्हणजे इंजिनिअर घडवणारी आणि डॉक्टर घडवणारी कॉलेजं शेजारी शेजारी साठ वर्षं चालली आहेत. या साठ वर्षांत एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या ऑपरेशन थिएटरबाहेर उभा राहून ‘सर, तुमचं काय बिघडतं?’ असं विचारतोय, हे दृश्य मी तरी क्वचितच बघितलंय. पोरं पुण्याला जातात, सॉफ्टवेअर करतात.

तोवर जग बदललं. आपल्या देशात वापरली जाणारी सत्तर-ऐंशी टक्के वैद्यकीय उपकरणं आयात होतात असं उद्योगातली मंडळी वर्षानुवर्षं सांगतायत. कोविडमध्ये सगळ्यांनाच घाम फुटला. २०२० मध्ये केंद्रानं उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाचे ३,४२० कोटी जाहीर केले आणि वैद्यकीय उपकरणांची चार पार्क मंजूर केली. ती गेली हिमाचल, मध्य प्रदेश, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशाला. आपल्या महाराष्ट्राला नाही. आंध्रानं त्याआधीच विशाखापट्टणमला २७० एकरांवर मेडटेक झोन उभा केला होता. तिथं कंपन्यांना गाळा मिळतोच, पण खरी चीज म्हणजे एकाच आवारातल्या तपासणी प्रयोगशाळा. विजेचा झटका बसतो का, इतर यंत्रांत व्यत्यय येतो का, शरीराला साहित्य चालतं का, सगळं तिथंच तपासून मिळतं. नाव वेगळं, काम सियालकोटच्या त्या केंद्राचंच.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. खंडाळा तालुक्यात केसुर्डीला जपानच्या निप्रो कंपनीचा कारखाना आहे. डायलिसिसला लागणारं साहित्य साताऱ्याच्या हद्दीत बनतंय, ही साधी गोष्ट नव्हे. पण ती कंपनी शिकूनसवरून आली. तिला हमरस्ता, जागा आणि वीज हवी होती, ती मिळाली. अशा कंपनीला पाठबळ देणं सरकारला सोपं जातं, कारण तिला नक्की काय हवंय ते ती टाईप करून देते. प्रश्न आपल्या घरातून उठणाऱ्याचा आहे.

माझा एक मित्र कुपवाडला टर्निंग-मिलिंगचं वर्कशॉप चालवतो. पंपाचे पार्ट हा मुख्य धंदा. हाडांच्या एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानं रिट्रॅक्टर केले. रिट्रॅक्टर म्हणजे ऑपरेशन चालू असताना जखमेच्या कडा बाजूला धरून ठेवणारं आकडीसारखं हत्यार. डॉक्टरांनी तीनदा परत दिले, मूठ बदलायला लावली, चौथ्यांदा म्हणाले, ‘आता बरोबर.’ इथवर सतारीचीच गोष्ट. पुढे काय? २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीप्रमाणे अ ते ड असे वर्ग केलेत. याचं हत्यार कमी जोखमीचं, त्यामुळे नोंदणीचा त्रास तसा कमी. पण हॉस्पिटलचं खरेदी खातं विचारतं, पोलादाचा तपासणी अहवाल? आयएसओ १३४८५? आधी कुणाला पुरवलंय? तपासणीला माल बाहेरगावी पाठवायचा, एका नमुन्यासाठी स्वतंत्र फी भरायची आणि वाट बघायची. आणि ‘आधी कुणाला पुरवलंय’ याचं उत्तर पहिल्या गिऱ्हाइकाआधी देणार कसं? सरकारी खरेदीच्या केंद्रीय नियमांत स्टार्टअपना अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करता येते. ‘करता येते’, ‘करावी’ नव्हे. सही करणारा अधिकारी कशाला जोखीम घेईल? राज्याच्या मोठ्या खरेदीसाठी तर २०२३ मध्ये मुंबईत स्वतंत्र प्राधिकरण झालं. औषधांसाठी ते ठीक असेल, पण कुपवाडचा गडी त्या दारात उभा राहणार कधी?

इथं मला द्राक्षवाले आठवतात. तासगाव, पलूस, खानापूरच्या बागायतदाराला प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. २०१० ला औषधाच्या उर्वरित अंशावरून युरोपात आपले कंटेनर अडकले तेव्हा कितीजण कर्जात बुडाले ते आपण बघितलंय. त्यानंतर प्रत्येक बागेची नोंद, प्रत्येक मालाचा नमुना, काय मारलं याची वही, सगळं अंगवळणी पडलं. बागायतदार संघ होता, पुण्याचं द्राक्ष संशोधन केंद्र होतं, अपेडाचं ग्रेपनेट होतं. दहावी शिकलेला शेतकरी आज युरोपच्या नियमात माल पाठवतो. साखरेचंही तसंच. १९७५ ला ऊसवाल्यांनी आणि कारखान्यांनी मिळून स्वतःची संशोधन संस्था काढली, ती आजची मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसाचं बेणं, मातीपरीक्षण, यंत्रं, सगळ्याला एक घर. ऊस आणि द्राक्षाला जे सुचलं ते पोलादाला सुचू नये, याचं नवल वाटतं. ऊस-द्राक्षवाल्यांची मतं जास्त, हे कारण आहेच, पण ते एकच नाही. ऊसवाले एकत्र आले. आपले वर्कशॉपवाले एकमेकांचे रेट पाडण्यात गुंतलेत.

तर मागायचं काय? वेगळं मेडिकल डिव्हाईस पार्क मागायला माझी हरकत नाही, पण त्याच्या भूमिपूजनापर्यंत माझ्या मित्राचं वर्कशॉप टिकेल का याची शंका आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं वैद्यकीय उपकरण उद्योगासाठी ५०० कोटींची योजना काढली. त्यात तपासणी सुविधेसाठी पाच कोटींपर्यंत अनुदान आहे. पाच कोटी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या रस्त्याच्या कामाइतकी रक्कम. वालचंद किंवा कराडच्या कॉलेजात धातुशास्त्राची माणसं आहेत. त्यांच्याच आवारात कडकपणा, गंज आणि मिश्रण तपासून मान्यताप्राप्त अहवाल देणारी लॅब हवी. तिची फी वर्कशॉपवाल्याला परवडावी म्हणून पहिली पाच वर्षं दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी भार उचलावा. आणि मिरज, सांगली, सातारा इथल्या सरकारी दवाखान्यांनी आपली बिघडलेली उपकरणं भंगारात टाकण्याआधी महिन्यातून एक दिवस आपल्या वर्कशॉपवाल्यांसमोर मांडावीत. उघडून बघू द्यावीत, शक्य ते दुरुस्त करू द्यावं. खर्च जवळपास शून्य. सियालकोटला एवढ्यानंच सुरुवात झाली होती.

यावर एका लोकप्रतिनिधींशी बोललो. म्हणाले, ‘दुरुस्तीत काय आहे, आपण मोठी कंपनी आणू.’ म्हटलं, साहेब, मोठी कंपनी रस्ता बघून येते आणि रस्ता बघून जाते. त्यांना फोन आला, बोलणं तिथंच राहिलं.

मित्राचे ते चार रिट्रॅक्टर अजून त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. मध्यंतरी त्यानं त्यातला एक मुद्दाम प्रेशर कुकरमध्ये घातला आणि रोज एकदा वाफवला. चाळीस दिवस. आतल्या खाचेत दोन ठिपके गंज आला. आता तो पोलादाचा ग्रेड बदलून पुन्हा करतोय.